नव्या रीफ टाकीत कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अल्कलिनिटी तिन्ही कमी: आधी काय घालावे?

ठाणे_रीफ
नमस्कार. दहा आठवड्यांपूर्वी घरी रीफ टाकी (कोरल म्हणजे प्रवाळ ठेवण्यासाठीची खाऱ्या पाण्याची मत्स्यटाकी) सुरू केली असून खडक आणि वाळू वगळता तिच्यात सुमारे १५० लिटर पाणी आहे. सायकल (विषारी अमोनियाचे नायट्रेट करणारे जीवाणू टाकीत रुजणे) पूर्ण झाली आहे. अमोनिया आणि नायट्राइट शून्य, तर नायट्रेट १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) येते. सध्या दोन क्लाउनफिश आणि काही गोगलगायी आहेत, कोरल अद्याप एकही आणलेले नाही. रिफ्रॅक्टोमीटरवर (खारटपणा मोजण्याचे उपकरण) सॅलिनिटी, म्हणजे खारटपणा, ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) दिसते. परंतु कॅल्शियम ३६० पीपीएम, मॅग्नेशियम १११० पीपीएम आणि अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल शोषण्याची क्षमता) ६.९ डीकेएच (तिचे एकक) येते. मिठाच्या डब्यावर ३५ पीपीटीसाठी हेच आकडे ४२०, १२९० आणि ८ असे छापलेले आहेत. शिवाय पीएच सकाळी ७.८ आणि रात्री दिवे मालवताना ८.१ असतो. दुकानदाराने कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि पीएच वाढवणारा बफर अशा तीन बाटल्या दिल्या आहेत. सुरुवात कोणत्या बाटलीने करावी?

खारे_पाणी
तूर्तास एकही बाटली उघडू नका. तुमचे तिन्ही आकडे छापील आकड्यांनी भागून पाहा. प्रत्येक वेळी उत्तर ०.८६ च्या आसपास, म्हणजे सहा-सप्तमांश येते. पस्तिसाचे सहा-सप्तमांश तीस. तुमच्या टाकीत मीठच कमी आहे आणि रिफ्रॅक्टोमीटर चुकीचा आकडा दाखवत आहे, असा माझा जवळजवळ पक्का तर्क आहे.

कॅल्शियम खरोखर खर्च झाले असते, तर चित्र वेगळे दिसले असते. सांगाडा किंवा शंख तयार होताना दर २० पीपीएम कॅल्शियममागे अल्कलिनिटी २.८ डीकेएचने उतरते. त्या हिशेबाने ६० पीपीएम कॅल्शियम संपताना ८.४ डीकेएच गेले असते, म्हणजे तुमच्या पाण्यात अल्कलिनिटी उरलीच नसती. आणि मॅग्नेशियम फारसे हललेही नसते. मुख्य घटक एकाच प्रमाणात कमी होतात ते पाणी पातळ झाल्यावर. ‘चॅलेंजर’ जहाजाने १८७२ ते १८७६ या काळात जगभरातून जमवलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे विश्लेषण करून विल्यम डिटमार यांनी दाखवले होते, की समुद्र कमी-जास्त खारट असला तरी त्यातील मुख्य क्षारांचे परस्पर प्रमाण जवळपास तेच राहते. तीन बाटल्यांनी तीन आकडे जुळले असते, पण सोडियम, पोटॅशियम, सल्फेट मागेच राहिले असते.

रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्य दाखवतो म्हणून तो ३५ वरही अचूक असेलच असे नाही. ३५ पीपीटीचे प्रमाणित द्रावण आणून त्यावर तपासा.

भरती_ओहोटी
वरील निदानाशी सहमत आहे. मात्र तर्क खरा ठरला तरी मीठ थेट टाकीत ओतू नये, कारण गोगलगायींना सॅलिनिटीतील अचानक बदल सोसत नाही. बाष्पीभवनाने पाणी जाते, मीठ जात नाही. म्हणून एरवी आपण भर घालतो ती गोड्या पाण्याची. त्याऐवजी काही दिवस ३५ पीपीटीचे तयार खारे पाणी घाला. रोज तीन लिटर पाणी उडत असेल तर दिवसाला सुमारे १०५ ग्रॅम मीठ आत जाईल, आणि तुम्हाला लिटरमागे ५ ग्रॅम, म्हणजे एकूण ७५० ग्रॅम हवे आहे. आठवडाभरात काम होईल. त्यानंतर पुन्हा गोड्या पाण्यावर या, अन्यथा सॅलिनिटी वर चढत राहील.

हे गोडे पाणी कुठून घेता, तेही पाहा. स्वयंपाकघरातील आरओमध्ये चवीसाठी काही क्षार परत मिसळलेले असतात, त्यामुळे डीआय रेझिनमधून (उरलेले क्षार शोषणारे दाणे) काढून टीडीएस (विरघळलेल्या क्षारांचे प्रमाण) शून्य आलेलेच पाणी वापरावे.

पीएचसाठी बफर नकोच. दिवसा शेवाळ कार्बन डायऑक्साइड शोषते आणि रात्री तो पाण्यात साठतो, त्यामुळे एवढा चढउतार स्वाभाविक आहे. सकाळचा आकडा खटकत असेल, तर टाकीतील पेलाभर पाणी गच्चीत नेऊन त्यात तासभर एअरपंप चालवा आणि पुन्हा मोजा. पीएच वाढला, तर दोष बंद खोलीतील हवेचा; खिडकी उघडणे हाच उपाय.

कोरल आणण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात असू द्या: रीफ बांधणारे सर्व कठीण प्रवाळ २००१ पासून वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. दुकानात ते मिळतात म्हणून ते घेणे कायदेशीर ठरत नाही.

ठाणे_रीफ
दोघांचेही आभार. प्रमाणित द्रावणावर माझा रिफ्रॅक्टोमीटर ३५ ऐवजी ४१ दाखवत होता. तो जुळवून घेतल्यावर टाकीची सॅलिनिटी ३० निघाली. आठ दिवस खाऱ्या पाण्याची भर घातल्यानंतर आज सॅलिनिटी ३५, कॅल्शियम ४१५, मॅग्नेशियम १२८० आणि अल्कलिनिटी ७.९ आहे. पेल्यातील पाण्याचा पीएच गच्चीत ७.८ वरून ८.१ झाला, त्यामुळे रात्री एसीऐवजी खिडकी आणि पंखा यांवर भागवत आहोत. घरच्यांची त्याबद्दल तक्रार आहे. बाटल्या दुकानदाराने परत घेतल्या नाहीत.