मदत हवी आहे: शेवंतीला कळीच धरत नाही

बाल्कनीवाली:
शेवंती आणली तेव्हा फुलांनी लगडलेली होती. यंदा हातभर वाढलीये, पानं हिरवीगार, पण कळीचा पत्ता नाही. शेजारणीची फुलून चाललीसुद्धा. शिवाय दर ऋतूत एक तरी कुंडी फुललेली हवी, तर काय लावू? लवकर सांगा, रविवारी माती भरायची आहे.

कुंडीबहाद्दर:
ऊन किती तास? कुंडी केवढी? खत काय? काहीच लिहिलं नाहीत.

मातीमोल:
कांद्याच्या सालींचं पाणी घाला. माझ्या गुलाबाला आठवड्यात फरक पडला.

कुंडीबहाद्दर:
गुलाबाचं कोण विचारतंय?

बाल्कनीवाली:
सकाळचं पाच तास ऊन. दहा इंची कुंडी. पंधरा दिवसांनी चमचाभर युरिया. आता सांगा.

सावकाश_काका:
युरिया आधी थांबवा. नत्र जास्त झालं की झाड माजतं, नुसता पाला येतो.

मातीमोल:
रासायनिक घातल्यावर हेच होणार! शेणखत वापरा, म्हणते मी.

सावकाश_काका:
ताई, नत्र शेणखतातही असतं. प्रश्न प्रमाणाचा आहे.

रानफूल:
रात्री बाल्कनीत दिवा असतो का?

बाल्कनीवाली:
असतो की. मुलगा बारापर्यंत तिथेच वाचत बसतो. त्याचा काय संबंध?

रानफूल:
तिथेच घोडं अडलंय. शेवंती लहान दिवसाची. रात्र सलग लांब मिळाली तरच कळी धरते, मध्ये उजेड पडला की तिच्या लेखी रात्र मोडली. फुलणं दिवसाच्या लांबीवर ठरतं, हे गार्नर आणि अॅलार्ड या अमेरिकी शास्त्रज्ञांनी 1920 मध्ये तंबाखू आणि सोयाबीनवर दाखवलं होतं. फुलशेतीवाले तर मुद्दाम दिवे लावून बहर लांबवतात आणि काळं कापड टाकून लवकर आणतात. संध्याकाळी सहा ते सकाळी आठ अंधाऱ्या खोलीत ठेवा. रोज, एकही खाडा नको.

पाहुणी_एक:
अय्या, म्हणून माझी पॉइनसेटिया लाल होत नाही का? ती टीव्हीशेजारी आहे.

रानफूल:
हो, तिचंही तेच. हलवा तिथून.

बाल्कनीवाली:
मग दिव्याखालच्या कोपऱ्यात काय?

सावकाश_काका:
थंडीत पिटुनिया. तिला मोठा दिवसच मानवतो, दिव्याने बिघडत नाही. कडक उन्हात झिनिया किंवा चिनी गुलाब. चिनी गुलाब सावलीत उघडतच नाही, तेवढं बघा. पावसात तेरडा, पण कुंडीत पाणी तुंबू देऊ नका, खोड कुजतं.

मातीमोल:
कोथिंबीर पण लावा. ऊन वाढलं की लगेच तुऱ्यावर येते, म्हणून थंडीतच.

कुंडीबहाद्दर:
त्यांना फुलं हवी आहेत हो.

बाल्कनीवाली:
महिना झाला. मुलगा आत वाचतोय, तोंड वाकडं करून. शेंड्यांवर मोहरीएवढे हिरवे मणी दिसतायत! झाड दाट व्हायला शेंडे खुडू का?

रानफूल:
अहो, हात लावू नका! त्याच कळ्या आहेत.