किडे श्वास रोखतात ते पाणी वाचवायला? मला आता पटत नाही

रानवेल (नागपूर)
अकरावीला जीवशास्त्र शिकवते. परवा वर्गात नाकतोड्याची श्वासरंध्रं दाखवत होते. छातीवर २ जोड्या, पोटावर ८. एका मुलीने विचारलं, "मॅडम, आपल्याकडच्या मे महिन्यात या भोकांतून यांचं सगळं पाणी उडून जात नाही का?" मी पाठ असलेलं उत्तर दिलं. काही किडे विसावले की रंध्रं घट्ट मिटतात, मग किंचित किलकिली करतात, शेवटी पूर्ण उघडून साठलेला कार्बन डायऑक्साइड सोडतात. त्याने पाणी वाचतं.

घरी पोचेपर्यंत हे उत्तर मलाच टोचायला लागलं. बहुतेक किड्यांचं पाणी रंध्रांपेक्षा कातडीवाटे जास्त जातं. ऊन वाढलं की शरीराची ऑक्सिजनची गरज वाढते आणि मिटण्या-उघडण्याची ही लय मोडते. म्हणजे ४५ अंशांना, गरज सर्वांत जास्त असताना, ती सापडतच नाही. वाळवंटातले कित्येक किडे तर अखंड श्वास घेतात. शिवाय २००५ च्या एका तुलनात्मक अभ्यासानुसार ही लय कीटकांमध्ये किमान ५ वेळा स्वतंत्रपणे उगवली आहे. पाचही वेळा कारण एकच असेल?

माझं मत असं की ही लय कशासाठी घडलेली नाही. मेंदू शांत झाला की मागे उरते ती ही. २०१३ मध्ये झुरळांचा मेंदू तात्पुरता थंड करून निष्क्रिय केला, तर अखंड चाललेला श्वास याच लयीत, थांबून-थांबून सुरू झाला. मेंदू पुन्हा कामाला लागल्यावर लय गेली. मुलांना पाणीबचतीची गोष्ट सिद्ध झाल्यासारखी सांगणं आपण थांबवायला हवं.

कोसावाला (मूळ भंडारा, सध्या मानेवाडा)
ताई, पटलं नाही. आमच्या घरी टसरचं, म्हणजे रानरेशमाचं काम आहे. बियाण्याचे कोसे माळा करून टांगतो, ते जूनच्या पावसापर्यंत तसेच. आत कोष, म्हणजे अळीची पतंग होण्याआधीची अवस्था, झोपलेला. खाणं नाही, पिणं नाही. येनाच्या (ऐनाच्या) झाडाच्या पानांतून अळीने जे पाणी घेतलं तेवढ्यावर सारा उन्हाळा काढायचा. अशा जिवाला थेंबाथेंबाचा हिशेब लागतो. तुम्ही ऊन वाढल्यावर लय मोडते म्हणता, ते जाग्या, धावत्या किड्याचं. झोपलेल्या कोषाची गरजच इतकी कमी असते की त्याला मिटून राहणं परवडतं.

आणि ही लय पहिल्यांदा नीट मोजली गेली ती सेक्रोपिया पतंगाच्या कोषांवर, १९५० आणि ६० च्या दशकांत. तो अमेरिकेचा, पण आमच्या टसरच्याच कुळातला. रंध्रं मिटली की आतला ऑक्सिजन वापरला जातो, कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळून राहतो, म्हणून आतला दाब उतरतो. मग किलकिल्या रंध्रांतून हवा आत ओढली जाते आणि वाफेला बाहेर पडायला वाव कमी राहतो. इतकी नेमकी सोय उगाच होत नाही.

प्रयोगवही
दोघेही ऑक्सिजनला विसरलात. तो जीवनावश्यक तसाच पेशींना जाळणाराही. २००५ मध्ये अ‍ॅटलास पतंगाच्या कोषांना कमी-जास्त ऑक्सिजनच्या हवेत ठेवून पाहिलं. बाहेर कितीही असो, किलकिल्या टप्प्यात आतला ऑक्सिजन ४ ते ५ किलोपास्कलवरच राहिला. आपल्या हवेत तो २१ असतो. झोपलेल्या जिवाला तेवढा नको, म्हणून दार लावलेलं. पाणी वाचतं तो वरचा फायदा.

रानवेल
@प्रयोगवही, मग उघड्या टप्प्यात काय? तेव्हा आतला ऑक्सिजन जवळजवळ बाहेरच्याइतका चढतो. ज्याला विष टाळायचं आहे तो दर फेरीला दार सताड का उघडेल?

वारूळ
मुंग्या आणि बिळातले भुंगेरे धरले तर तिसरं कारणही मांडलेलं आहे. जमिनीखाली कार्बन डायऑक्साइड जास्त, ऑक्सिजन कमी. आत भरपूर साठवून एकदम सोडला तर तो बाहेर पडायला उतार मिळतो, म्हणजे आत बाहेरपेक्षा जास्त. पण ज्यांनी कधी बीळ पाहिलं नाही अशा किड्यांतही ही लय आहे, त्यामुळे मी स्वतः या बाजूने फार जोर देणार नाही.

कोसावाला
ताई, हवेत कार्बन डायऑक्साइड वाढवला की किड्याची रंध्रं उघडीच राहतात आणि तो भराभर वाळतो. हे जुन्या प्रयोगांत दिसलंय. याहून मोठा पुरावा काय पाहिजे?

रानवेल
भाऊ, त्यातून रंध्रं मिटण्याचं महत्त्व सिद्ध होतं. लयीचं नाही. रंध्रं सतत अर्धवट मिटून, अखंड पण जपून श्वास घेतला तरी पाणी वाचेल. मग मिटा, किलकिली करा, सताड उघडा हा खेळ कशाला? माझा सगळा वाद या एका प्रश्नावर आहे.

कोसावाला
मग लयीचंच सांगतो. २००७ मध्ये अनेक जातींची तुलना झाली, त्यात उष्ण आणि कोरड्या प्रदेशांतल्या जातींची फेरी लांब निघाली. २०१२ मध्ये झुरळांना अन्नपाण्यावाचून ठेवलं. ज्यांच्यात ही लय होती ती जास्त दिवस जगली. झुरळं तीच, भुकेली तीच, फरक फक्त लयीचा. हे कसं टाळाल?

रानवेल
टाळत नाही. झुरळांचा तो प्रयोग मला खरंच अडवतो. त्यापुढे एवढंच म्हणेन की लय उगवली एका कारणाने आणि टिकली दुसऱ्या, असं असू शकतं. मेंदू निवला की ती आपोआप येते, आणि जिथे पाण्याची टंचाई तिथे निसर्ग तिला जपतो, लांबवतो. पण तुमच्या कोषाचं पाणी रंध्रं वाचवतात की त्याची कातडी आणि बाहेरच्या कोस्याची टणक भिंत, हे अजून तुम्ही दाखवलेलं नाही.

कोसावाला
हे बरोबर बोललात. भिंत बाजूला काढून कोणी पाहिलं असेल, मी नाही. असं करतो, या रविवारी गावाहून १० कोसे आणतो. ५ अखंड ठेवा, ५ अलगद कापून कोष बाहेर काढा. इतवारीत एक ओळखीचे सोनार आहेत, त्यांच्या काट्यावर दर आठवड्याला वजन करू. त्या मुलीलाही बोलवा.

रानवेल
तिला आजच सांगते. पण तेवढ्याने भिंतीचंच कळेल, रंध्रांचं नाही. वजन एकाच वेळी, सकाळी करायचं, आणि पावसाआधी फुलपाखरू निघालं तर तेही वहीत लिहायचं.

कोसावाला
फुलपाखरू नाही ताई, पतंग.