हंगाम तोंडावर आला की विश्रांतीचे नियम गुंडाळायचे का? (इंडिगोच्या डिसेंबरमधल्या गोंधळानिमित्त)

निवांत_पुणेकर (धागाकर्ता)

डिसेंबर 2025 मधला इंडिगोचा उड्डाणं रद्द होण्याचा गोंधळ आता मागे पडला. जानेवारीत विमान वाहतुकीची सरकारी नियामक असलेल्या डीजीसीएनं कंपनीला 22.20 कोटींचा दंडही केला. पण मे महिन्याच्या सुट्टीची तिकिटं काढायला लोकांनी सुरुवात केली आहे, म्हणून विषय पुन्हा काढतोय. माझं म्हणणं एवढंच: 5 डिसेंबरला वैमानिकांच्या विश्रांतीच्या नियमांत जी सूट दिली, ती द्यायला नको होती. उड्डाणं कमी करायला लावायची होती, आणि तीही ऑक्टोबरातच.

ज्यांच्या लक्षात नसेल त्यांच्यासाठी: हे नियम जानेवारी 2024 मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी जूनपासून लागू व्हायचे होते. कंपन्यांनी कुरकुर केली, ते लांबले, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि शेवटी दोन टप्पे ठरले, 1 जुलै आणि 1 नोव्हेंबर 2025. आठवड्याची सलग विश्रांती 36 तासांऐवजी 48 तास. 'रात्र' पहाटे पाचऐवजी सहाला संपणार. आणि जिथे खरं घोडं अडलं तो नियम म्हणजे रात्रीच्या ड्युटीत सहाऐवजी दोनच लँडिंग.

म्हणजे तयारीला जवळपास दोन वर्षं मिळाली. त्यात काय झालं? इंडिगोनं हिवाळी वेळापत्रकात आठवड्याला 15,014 उड्डाणं मंजूर करून घेतली. मंजुरी 403 विमानांच्या हिशेबानं, नोव्हेंबरात प्रत्यक्ष वापरात 344. त्याच महिन्यात 1,232 उड्डाणं रद्द झाली, त्यातली 755 क्रू आणि ड्युटीच्या तासांमुळे. एका रात्रीत काही कोसळलेलं नाही. पुढे 3 ते 5 डिसेंबर या तीन दिवसांत 2,507 उड्डाणं रद्द, 1,852 उशिरा, तीन लाखांवर माणसं अडकलेली. तेव्हा उपाय काय निघाला? रात्रीच्या नियमांतून 10 फेब्रुवारीपर्यंत मोकळीक. बाकीच्या कंपन्या त्याच नियमांत विमानं उडवत होत्या, आणि सवलत मिळाली तयारी न करणाऱ्याला.

सह्याद्री_एक्सप्रेस

तत्त्व म्हणून बरोबर. पण 5 तारखेला एकाच दिवसात हजारावर उड्डाणं रद्द झाली होती. त्या रात्री मंत्र्याच्या खुर्चीत तुम्ही असता तर काय केलं असतं? देशांतर्गत प्रवाशांपैकी साठ टक्क्यांहून जास्त एकाच कंपनीकडे. तेवढ्या लोकांना उचलायला दुसऱ्यांकडे जागाच नव्हती. भाडी एवढी चढली की दुसऱ्या दिवशी सरकारला कमाल मर्यादा घालावी लागली, 500 किलोमीटरपर्यंत 7,500 रुपये आणि दीड हजार किलोमीटरच्या पुढे 18,000. हुबळीत तर नवरा-नवरी स्वतःच्या रिसेप्शनला भुवनेश्वरहून व्हिडिओवर हजर होते आणि स्टेजवर त्यांच्या जागी आईवडील बसले होते!

सूट दिली नसती तर हेच महिनाभर चाललं असतं. शिवाय नियमाला 1 नोव्हेंबरचा मुहूर्त कुणी काढला? पुढे लग्नसराई, मग उत्तरेचं धुकं, मग नाताळ. फेब्रुवारीत आणला असता तर काय बिघडलं असतं?

निवांत_पुणेकर

फेब्रुवारीत आणला असता तर म्हणाले असते, परीक्षा संपल्या की सुट्ट्या आहेत, जरा थांबा. आपल्याकडे बिनहंगामाचा महिना कुठला ते सांगा. पितृपक्ष?

आणि मंत्र्यांनी नंतर हिवाळी वेळापत्रकातली दहा टक्के उड्डाणं कापायला लावलीच ना? तेच आधी करायचं होतं एवढंच म्हणतोय.

रोस्टरवाली

काही वर्षं विमान कंपनीच्या क्रू कंट्रोलमध्ये, म्हणजे वैमानिक-कर्मचाऱ्यांच्या ड्युट्या लावणाऱ्या विभागात, काढली आहेत (कुठे ते विचारू नका), म्हणून थोडं आतलं सांगते. बाहेरून वाटतं, विमान आहे, वैमानिक आहे, मग निघत का नाही. पण विमान एका साखळीत फिरतं आणि क्रू दुसऱ्या. पुण्याहून निघालेलं विमान दिवसभरात पाच-सहा शहरं करतं. त्यातला क्रू मध्येच उतरून दुसऱ्या विमानात बसतो, कुठेतरी मुक्कामाला जातो, दुसऱ्या दिवशी तिसऱ्याच विमानानं बेसवर (त्याच्या नेमणुकीच्या शहरी) परततो.

आता समजा मध्यरात्रीआधीचं शेवटचं लँडिंग 11:40 चं होतं आणि गर्दीमुळे ते 12:10 ला झालं. ते रात्रीचं लँडिंग मोजलं जातं. त्या ड्युटीत पुढे आणखी दोन लँडिंग असतील तर एक जास्त झालं. म्हणजे शेवटच्या टप्प्याला नवा कॅप्टन हवा. तो स्टँडबायवर (राखीव) असला तर ठीक, नसला तर दुसऱ्या बेसवरून प्रवासी म्हणून बसवून आणायचा. पण ज्या विमानातून आणायचा तेही उशिरा! सकाळी जिथे क्रू असायला हवा तिथे तो नसतो, आणि जिथे क्रू आहे तिथे विमान नसतं. डिसेंबरात पुण्याच्या पार्किंग बे क्रूची वाट पाहणाऱ्या इंडिगोच्या विमानांनी अडवल्या होत्या, त्यामुळे दुसऱ्या कंपन्यांच्या विमानांनाही उभं राहायला जागा मिळेना. लोहगाव हवाई दलाचा तळ, बे मोजक्याच.

शिवाय गोंधळाच्या तोंडावर, नोव्हेंबरच्या अखेरीस, ए320 विमानांचं सॉफ्टवेअर तातडीनं बदलायचं फर्मान आलं होतं. ते जगभर होतं, त्याचा दोष कंपनीला देता येणार नाही. पण हंगामात असे धक्के बसणारच, त्यासाठीच राखीव क्रू ठेवायचा असतो. डीजीसीएच्या चौकशीतही मुख्य ठपका हाच आहे: सगळं इतकं घट्ट आवळलं होतं की सैल जागा उरलीच नाही.

चाकरमानी

आमची एसटी दर गणपतीला कोकणात जादा गाड्या सोडते. बाहेरच्या आगारांतून गाड्या येतात, चालक येतात, चार दिवस ओढाताण होते, पण माणसं गावी पोचतात. एवढ्या मोठ्या कंपनीला हे जमू नये?

रोस्टरवाली

एसटीचा चालक दुसऱ्या आगाराची गाडी घेऊन निघू शकतो. ए320 च्या कॅप्टनला उद्या एटीआर या छोट्या विमानावर बसवता येत नाही. प्रत्येक प्रकारच्या विमानाचं रेटिंग, म्हणजे ते उडवायची पात्रता, वेगळं. नवा कॅप्टनही हंगामापुरता मिळत नाही. कॅप्टनला लागणाऱ्या एटीपीएल परवान्यालाच 1,500 तास उड्डाण लागतं, मग कमांडचं प्रशिक्षण. दुसऱ्या कंपनीतून ओढायचा तर कॅप्टनचा नोटीस पिरियड बारा महिन्यांचा, फर्स्ट ऑफिसरचा (सहवैमानिकाचा) सहा. डिसेंबरात कमी पडलेला माणूस आदल्या डिसेंबरात शोधायला हवा होता.

जमाखर्च

सगळे वैमानिकांच्या बाजूनं बोलताय, आता तिकिटाच्या बाजूनं बोलतो. राखीव क्रू म्हणजे वर्षातले आठ-नऊ महिने बसवून पगार. तो कोण भरणार? आपणच ना, सर्च करताना 'स्वस्त आधी' दाबणारे? भारतात विमानप्रवास परवडला तो विमान आणि माणूस दोन्ही पिळून वापरल्यामुळेच. आणि हे खूळ फक्त आपल्याकडचं नाही. रायनएअरनं 2017 च्या सप्टेंबरात वैमानिकांच्या रजांचा हिशेब चुकवला, आधी सुमारे दोन हजार उड्डाणं रद्द केली आणि पुढे हिवाळ्यातली आणखी अठरा हजार. साउथवेस्टनं 2022 च्या नाताळात सोळा हजारांवर रद्द केली. सुरुवात वादळानं झाली, पण बाकीच्या कंपन्या सावरल्या आणि यांना आपला क्रू कुठे आहे तेच कळेना. दोन्ही कंपन्या अजून उडताहेत, लोक अजून तिकिटं काढताहेत. थोडी जोखीम लोकांनी स्वीकारलेली आहे.

फ्रँकफुर्टचा_बंड्या

लोकांनी जोखीम स्वीकारली असेल तर नुकसान कुणी सोसायचं तेही बघा. साउथवेस्टला अमेरिकेत 14 कोटी डॉलरचा दंड झाला. युरोपात आयत्या वेळी उड्डाण रद्द झालं तर अंतरानुसार 250 ते 600 युरो. 2016 मध्ये टुईफ्लाय या जर्मन विमान कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी घाऊक आजारपणाची रजा टाकली तेव्हा कंपनी म्हणाली, ही असाधारण परिस्थिती, भरपाई देणार नाही. युरोपीय न्यायालयानं 2018 मध्ये ते मानलं नाही. आपल्या माणसांशी होणारे असे वाद हा कंपनीच्या नेहमीच्या धंद्याचा भाग आहे, असा तो निकाल. आपल्याकडे आयत्या वेळच्या रद्दीची भरपाई जास्तीत जास्त दहा हजार. ती युरोपसारखी चुकेल अशी असती, तर राखीव कॅप्टनचा पगार या जमाखर्चात स्वस्त दिसला असता.

जमाखर्च

दहा हजारांचं व्हाउचर दिलं की ज्यांना जास्त त्रास झाला त्यांना. परतावेही कोट्यवधींचे गेले. आणखी किती?

फ्रँकफुर्टचा_बंड्या

परतावा म्हणजे माझेच पैसे मला. ती भरपाई कुठून झाली?

गोंदियाकर_आई

मुलाकडे दोन वर्षांपासून सीपीएल (व्यावसायिक वैमानिकाचा परवाना) आहे. बारामतीत, आमच्या गोंदियात, कुठे कुठे मुलं शिकतात, घरं गहाण पडतात आणि नोकरीचा पत्ता नाही. वर्तमानपत्र म्हणतं वैमानिकांचा तुटवडा! तुटवडा आहे तो कॅप्टनांचा. डिसेंबरात बातम्यांत आकडे आले होते, इंडिगोला गरज 2,422 कॅप्टनांची, हातात 2,357. फर्स्ट ऑफिसर मात्र गरजेपेक्षा थोडे जास्तच. पण आज खाली भरती केली नाही तर पाच-सहा वर्षांनी वर कॅप्टन कुठून येणार? वैमानिक संघटनेनं तेव्हा भरती रोखून धरल्याचा आरोप केला होता, तो वाचून आमच्या घरी कुणालाच नवल वाटलं नाही.

अर्धवटराव

भाडं, भरपाई, भरती सगळं झालं. नियम कशासाठी आहे ते कुणी बोललंच नाही. मे 2010, मंगळूर. दुबईहून आलेलं एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान डोंगरमाथ्यावरच्या 'टेबलटॉप' धावपट्टीवरून खाली कोसळलं, 158 जण गेले. चौकशीत निघालं की कॅप्टन वाटेत दीड तासाहून जास्त झोपलेला होता, आणि झोपेतून उठल्यावरच्या सुस्तीचा त्याच्या निर्णयावर परिणाम झाला असावा. ती पहाटेचीच वेळ होती. आपल्या नागपूरला ऑगस्ट 2023 मध्ये इंडिगोचा एक वैमानिक विमानात चढायच्या आधीच गेटजवळ कोसळला आणि गेला.

सह्याद्री_एक्सप्रेस

नागपूरचं उदाहरण इथे लावू नका. त्याला आधी 27 तासांची विश्रांती मिळाल्याचं कंपनीनं सांगितलं होतं, आणि कारण हृदयविकार. मंगळूरचं मात्र मानतो. तरीही माझा मुद्दा उरतोच. नियम हवेत, पण ते ज्या तारखेला लागू होतात त्या तारखेला वेळापत्रक पेलणारं आहे का हे तपासणं डीजीसीएचं काम. जानेवारीत दंड कंपनीला झाला. 15,014 उड्डाणांवर शिक्का मारणाऱ्यांचं काय? काही निरीक्षकांना घरी पाठवलं म्हणे.

निवांत_पुणेकर

इथे आपलं जुळतंय. वेळापत्रक मंजूर करताना प्रत्येक बेसवर किती कॅप्टन, किती स्टँडबाय, हे कंपनीनं लिहून द्यावं आणि डीजीसीएनं ते संकेतस्थळावर टाकावं. विमानांच्या नुसत्या संख्येवर मंजुरी नको.

जमाखर्च

टाका. मग मे महिन्यात पुणे–दिल्लीची चार उड्डाणं कमी होतील आणि उरलेल्यांचं भाडं दीडपट. तेव्हा 'लूट चालली आहे' असा धागाही तुम्हीच काढाल.

रोस्टरवाली

काढू देत की. वाढलेलं भाडं महिनाभर आधी दिसतं, मग माणूस रेल्वेचं तिकीट तरी काढतो. रात्री अकराला गेटवर 'क्रू येतोय' ऐकणाऱ्यानं काय काढायचं?