मुलाला मामासोबत फेझंटच्या शिकारीला पाठवू का?

कोथरूडची आई:
नमस्कार, प्रश्न जरा वेगळा आहे. माझा मुलगा १४ वर्षांचा, दिवाळीच्या सुट्टीत माझ्या भावाकडे अमेरिकेत साउथ डकोटाला चाललाय आणि भाऊ म्हणतोय याला मी फेझंटच्या (कोंबड्यासारखा रानपक्षी) शिकारीला नेतो, तिकडे सगळी पोरं जातात, कायदेशीर आहे. पोरगा तेव्हापासून हवेत आहे. आमच्याकडे कुणी बंदूक हातात धरलेली नाही, सासूबाईंना हे मुळीच पटलेलं नाही आणि मला खरं सांगायचं तर पक्षी मारण्यापेक्षा बंदुकीची भीती जास्त वाटते. सरळ नाही म्हणू, की भावाकडून काही गोष्टी कबूल करून घेऊन पाठवू? ज्यांना यातलं कळतं त्यांनीच प्लीज सांगा.

सू फॉल्सचा पुणेकर:
ताई, मी गेली काही वर्षं तिकडेच आहे आणि दर सीझनला जातो म्हणून सविस्तर लिहितो. पहिली गोष्ट कागदाची. मुलगा टुरिस्ट व्हिसावर येणार असेल तर अमेरिकेच्या फेडरल कायद्याने त्याला बंदूक काय, काडतूससुद्धा जवळ ठेवता येत नाही, व्हॅलिड हंटिंग लायसन्स असेल तरच सूट मिळते. त्यामुळे "घरामागे जरा उडवून बघ" हे लायसन्सच्या आधी अजिबात नको. परदेशातून येणाऱ्या मुलाला नेमकं कुठलं लायसन्स बसतं, त्याआधी शिकारीतल्या सुरक्षेचा हंटसेफ कोर्स करावा लागतो का, हे मामाला तिथल्या गेम, फिश अँड पार्क्स खात्याला लेखी विचारायला सांगा, मित्राच्या ऐकीव माहितीवर जाऊ नका.

आता शेतातलं. सीझन ऑक्टोबरच्या तिसऱ्या शनिवारी उघडतो, जानेवारी अखेरपर्यंत चालतो, सगळ्यात जास्त गर्दी पहिल्या दिवसांत असते, तेव्हा नवीन पोराला नेऊच नये. माणसं रांगेत गवत तुडवत चालतात, कुत्री पुढे, आणि शेताच्या पलीकडच्या टोकाला आणखी काही जण उभे असतात. फेझंट पळत पळत जातो आणि अगदी पायाजवळून फडफडाट करत उठतो, मोठी माणसंसुद्धा दचकतात, आणि नेमक्या त्या क्षणी उत्साहात बंदूक पक्ष्याच्या मागे फिरत शेजाऱ्याकडे जाते. सगळ्यात जास्त भीती याचीच. म्हणून प्रत्येकाची दिशा आधी ठरलेली पाहिजे, मधल्याने फक्त समोर, कडेच्याने आपापल्या बाजूला, मागे वळून कधीच नाही. पक्ष्याच्या खाली आभाळ दिसत नसेल तर चाप ओढायचा नाही कारण खाली कुत्रा असतो आणि समोर पलीकडची माणसं, सहा नंबरचे छर्रे २०० मीटरच्या पुढेही जातात. त्यात फक्त नर मारता येतो, दिवसाला ३, मादी मारली की गुन्हा. म्हणजे पोराला सेकंदाभरात नर आहे का, आभाळ आहे का, शेजारी कुठे आहे हे सगळं बघायचंय. माझं मत स्पष्ट आहे, पहिल्या खेपेला त्याने बंदुकीशिवाय चालावं. भगवी टोपी, भगवं जॅकेट, चष्मा, इअरप्लग घालून मामाच्या शेजारी. ज्या मुलाला बिनबंदुकीचं चालायला कंटाळा येतो तो अजून तयार नाही.

रेंजवाला:
वरच्या दादांशी सहमत, फक्त चालण्याआधीची तयारी पुण्यात होऊ शकते ते सांगतो. बालेवाडीला किंवा शहरातल्या एखाद्या चांगल्या क्लबात कोचकडे महिनाभर १० मीटर एअर रायफल करू द्या. रायफल आणि शॉटगनचं (फेझंटसाठी वापरतात ती छर्ऱ्यांची बंदूक) तंत्र वेगळं, इथे स्थिर नेम धरतात आणि तिथे उडत्या पक्ष्यासोबत नळी फिरत राहते, पण मला नेमाबद्दल बोलायचंच नाहीये. रिकामी असली तरी भरलेलीच समजायची, नळी माणसाकडे नाही, नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर, कोचने थांब म्हटलं की थांबायचं, हे अंगात भिनायला वेळ लागतो आणि थंडीत, दमलेलं असताना तीच सवय कामाला येते.

मामाला एवढं जरूर विचारा की बंदूक कुठली देणार. मोठ्यांची १२ गेज नको (गेज म्हणजे नळीचं माप, आकडा मोठा तेवढी नळी बारीक), धक्का बसला की पोरगं डोळे मिटायला शिकतं. लहान दस्त्याची २० गेज ठीक, शक्यतो मधून मोडणारी, म्हणजे उघडी आहे की बंद हे लांबून दिसतं. आणि २० गेजची काडतुसं पिवळी असतात त्याला कारण आहे, ते चुकून १२ गेजमध्ये गेलं तर नळीत पुढे अडकतं आणि मागून दुसरं उडवलं की नळी फुटते. तेव्हा दोन्ही काडतुसं एका खिशात कधीही नको. कुंपण ओलांडताना काडतूस काढायचं, बंदूक आधी पलीकडे ठेवायची, मग माणूस.

माळरानी:
मी शिकारीच्या बाजूची नाही, पण मुलाला नाही म्हणा असंही सांगणार नाही, तिथला कायदा वेगळा. इथलं मात्र त्याला नीट समजवा. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव कायद्याने तित्तिर, लावा मारणं गुन्हा आहे, पकडणं, अंडी उचलणं, नुसता प्रयत्न करणंसुद्धा शिकारच. साडेचार मिमीची कमी ताकदीची एअर रायफल बिनालायसन्स मिळते म्हणून परत आल्यावर सासवडच्या माळावर मित्रांना करून दाखवू असं डोक्यात आलं तर वन खात्याची केस होईल. कुणी असं करताना दिसलं तर वन खात्याची १९२६ ही हेल्पलाइन आहे.
जायच्या आधी एका पहाटे सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्याकडे दुर्बीण घेऊन जा. तित्तिर फेझंटच्याच कुळातला, तोही आधी पळतो आणि मग एकदम उठतो. पक्षी कुठला, किती लांब गेला, मागे काय होतं, हे त्याने सांगायचा सराव करावा. उडता पक्षी ओळखणं किती अवघड आहे ते तिथेच कळेल.

कोथरूडची आई:
सगळ्यांचे मनापासून आभार, व्हिसाचं तर कुणालाच माहीत नव्हतं. भावाला आत्ताच फोन केला, या खेपेला मुलगा नुसता चालेल हे त्याने मान्य केलंय. तो म्हणतो आम्ही आठ जण असतो, त्यातल्या दोघांना तो फारसा ओळखत नाही. हे चालेल का?

सू फॉल्सचा पुणेकर:
नाही ताई. मुलासोबतच्या दिवशी मामा, एखादा भरवशाचा मित्र आणि एक कुत्रा, बस. आणि त्या दिवशी मामाने स्वतः बंदूक घेऊ नये, त्याचं सगळं लक्ष पोरावर हवं. बिअरचे कॅन बंदुका कुलपात गेल्यावरच.