मदत हवी आहे : गावच्या मतदारयादीतील नाव पुण्यात आणावे काय? ग्रामपंचायत आणि महानगरपालिका मतदानासंबंधी शंका

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

नमस्कार. आमच्या घरात मतदार नोंदणीवरून सध्या बराच खल चालू आहे आणि प्रत्येक जण वेगळे सांगत असल्यामुळे जाणकारांनी मार्गदर्शन करावे, अशी विनंती आहे.

आम्ही पती-पत्नी व मुलगी असे तिघे अनेक वर्षे पुणे महानगरपालिकेच्या हद्दीत भाड्याच्या सदनिकेत राहतो. यजमानांचे नाव सातारा जिल्ह्यातील त्यांच्या मूळ गावच्या यादीत आहे. माझे नाव सांगली जिल्ह्यातील माहेरच्या यादीत, आणि तेही माहेरच्या आडनावाने आहे. मुलीचे नाव अद्याप कोठेच नाही. ती येत्या ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची होईल. त्यामुळे १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातील २९ महानगरपालिकांसाठी मतदान झाले, तेव्हा ज्या शहराच्या पाण्याशी, कचऱ्याशी आणि खड्ड्यांशी आमचा रोजचा संबंध येतो, तेथे आमच्यापैकी एकालाही मत देता आले नाही. निवडणूक जाहीर झाल्यावर आम्ही चौकशी केली होती, परंतु "आता या निवडणुकीसाठी काही होणार नाही" एवढेच उत्तर मिळाले, त्याचे कारण कोणी सांगितले नाही.

इकडे गावच्या ग्रामपंचायतीची, जी जानेवारी २०२१ मध्ये निवडून आली होती, मुदत संपली आहे आणि थोरले दीर पॅनल उभे करण्याच्या तयारीत आहेत. भावकीतील एकही नाव यादीतून हलता कामा नये, कारण एका प्रभागात मते असतात ती किती आणि निकाल फिरतो तो चार-दोन मतांवर, असे त्यांचे म्हणणे आहे. सासूबाईंना निराळीच धास्ती वाटते. मतदारयादीतून नाव गेले की सातबाऱ्यावरचे नाव आणि शिधापत्रिकाही जाईल, असे कोणीतरी त्यांच्या मनात भरवून दिले आहे.

माझे प्रश्न असे आहेत. ग्रामपंचायतीसाठी गावी आणि महानगरपालिकेसाठी पुण्यात, असे दोन्हीकडे नाव ठेवता येते काय, कारण या दोन्ही संस्था वेगळ्या असून त्यांच्या निवडणुकाही वेगवेगळ्या वेळी होतात? नाव हलवायचे झाल्यास कोणता नमुना भरावा, आणि घर भाड्याचे असताना रहिवासाचा पुरावा म्हणून काय चालते? घरमालक वीजबिल देण्यास नाखूश आहेत. माझे आडनाव बदलणे बंधनकारक आहे काय? आणि मुलीची नोंदणी नेमकी केव्हा करावी?

पेठकरी

दोन्हीकडे नाव ठेवता येत नाही, एवढे आधी मनाशी पक्के करावे. नमुना क्रमांक ८ भरून नाव पुण्यात आणावे. तो भारत निवडणूक आयोगाच्या मतदार पोर्टलवर भरता येतो किंवा आपल्या भागाच्या बीएलओंकडे (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यांकडे) देता येतो. बीएलओ कोण आहेत हे १९५० या क्रमांकावर विचारता येईल. बाकीचे सविस्तर कोणीतरी सांगेलच.

जुना कारकून

मी महसूल खात्यात असताना निवडणूक शाखेत बरीच वर्षे काम केले आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आपल्या सगळ्या शंकांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे. ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, नगरपरिषद आणि महानगरपालिका यांच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो, परंतु मतदारांची स्वतंत्र यादी तो तयार करीत नाही. भारत निवडणूक आयोगाने तयार केलेली विधानसभेचीच यादी तो एका ठरावीक तारखेला जशी असेल तशी घेतो आणि प्रभागांप्रमाणे तिचे तुकडे पाडतो. त्यामुळे "ग्रामपंचायतीची यादी" व "महापालिकेची यादी" अशा दोन स्वतंत्र याद्या नसून एकाच मोठ्या यादीचे ते वेगवेगळे भाग आहेत, आणि त्या मोठ्या यादीत एका व्यक्तीचे नाव एकदाच असू शकते. लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम १७ ने एकाहून अधिक मतदारसंघांत नोंदणी करण्यास मनाई केली आहे, आणि नोंदणीसाठी खोटे निवेदन केल्यास कलम ३१ प्रमाणे एक वर्षापर्यंतची कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मागील निवडणुकांत संभाव्य दुबार नावांपुढे यादीत दोन तारे छापून, कोणत्या एका केंद्रावर मतदान करणार याचे लेखी हमीपत्र मतदारांकडून घेण्यात आले होते, हे आपल्या वाचनात आले असेलच.

आता जानेवारीत काही का होऊ शकले नाही, ते सांगतो. त्या निवडणुकीसाठी १ जुलै २०२५ रोजी अस्तित्वात असलेली विधानसभेची यादी वापरण्यात आली होती. त्यानंतर ज्यांनी अर्ज केले, त्यांची नावे विधानसभेच्या यादीत आली तरी त्या मतदानासाठी ती उपयोगी नव्हती. लोकसभा व विधानसभेच्या वेळी निवडणूक जाहीर झाल्यानंतरही काही दिवस नाव नोंदवता येते, आणि तीच सवय लोक स्थानिक निवडणुकीला लावतात. येथे मात्र घोषणा होईपर्यंत यादीची तारीख बहुधा उलटून गेलेली असते. प्रभागनिहाय प्रारूप यादीवर हरकती मागवतात तेव्हाही फक्त लेखनिकाच्या चुका, चुकून दुसऱ्या प्रभागात गेलेले नाव, अथवा विधानसभेच्या यादीत असूनही प्रभागाच्या यादीतून सुटलेले नाव, एवढेच दुरुस्त होते. नवे नाव घालणे किंवा पत्ता बदलणे त्या टप्प्यावर होत नाही. तेव्हा नमुना भरायचा तो निवडणुकीची चाहूल नसतानाच भरावा.

आपले स्वतःचे नाव हलवण्यात काहीच अडचण नाही. नमुना ८ मध्ये निवासस्थान बदलाचा पर्याय निवडावा. माहेरच्या यादीतील नाव कमी करण्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही आणि ओळखपत्राचा क्रमांकही तोच राहतो. या नमुन्यात एका वेळी एकच पर्याय निवडायचा असतो, म्हणून आधी पत्ता बदलून घ्यावा आणि आडनाव बदलायचेच असेल तर त्यानंतर दुरुस्तीसाठी पुन्हा तोच नमुना भरावा. आडनाव बदलण्याचे बंधन मात्र कोठेही नाही. माहेरच्या नावाने मत देणाऱ्या कितीतरी स्त्रिया मी पाहिल्या आहेत, आणि माझे मत विचाराल तर ज्या नावाने आपले ओळखपत्र व बँकेचे पुस्तक आहे तेच यादीत असू द्यावे.

रहिवासाच्या पुराव्यासाठी घरमालकांच्या वीजबिलावर अडून राहण्याचे कारण नाही. नोंदणीकृत भाडेकरार चालतो. चालू पत्ता असलेले आधार कार्ड, बँकेचे किंवा टपाल खात्याचे पासबुक, पारपत्र हेही चालते, आणि पती त्याच पत्त्यावर मतदार म्हणून आधीच नोंदलेले असतील तर त्यांच्या नावावरचा कागदही चालतो. अर्ज फेटाळला गेला तर कारण लेखी मागून घ्यावे, कारण मतदार नोंदणी अधिकाऱ्याच्या निर्णयाविरुद्ध पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते.

मुलीसाठी नमुना ६ आहे. पूर्वी १ जानेवारी ही एकच अर्हता तारीख, म्हणजे जिच्यापर्यंत अठरा वर्षे पूर्ण झालेली असावी लागतात ती तारीख, होती; २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या. तिचा वाढदिवस ऑगस्टमध्ये असल्याने तिच्यासाठी १ ऑक्टोबर ही तारीख लागू होईल, पण सतरा वर्षे पूर्ण झाल्यावर आगाऊ अर्ज करता येत असल्यामुळे तो आजच भरून ठेवावा. जन्मतारखेसाठी जन्मदाखला किंवा दहावीचे प्रमाणपत्र पुरेसे आहे.

सासूबाईंना सांगावे की सातबारा व शिधापत्रिका यांचा मतदारयादीशी काही संबंध नाही. जमिनीचा हक्क अधिकार अभिलेखावर ठरतो, आणि मुंबईत मतदार असलेल्या लाखो लोकांच्या जमिनी कोकणात व घाटावर सुखरूप आहेत.

माणदेशी

वरील प्रतिसाद नियमाला धरून आहे, परंतु नाव गावातून हलवल्याने काय जाते तेही धागाकर्तीने समजून घ्यावे. राज्यघटनेप्रमाणे ग्रामसभा म्हणजे त्या पंचायतीच्या क्षेत्रातील मतदारयादीत नावे असलेल्यांची सभा. नाव गेले की ग्रामसभेतील हक्काची जागा गेली, आणि ग्रामपंचायतीला उभे राहण्याचा मार्गही बंद झाला. शिवाय जानेवारी २०२१ च्या निवडणुकीनंतर सरपंच सदस्यांमधून निवडले गेले होते. २०२२ मध्ये थेट निवडणूक पुन्हा आली, म्हणजे यापुढे सरपंचपदासाठीही प्रत्येकाचे वेगळे मत असणार. ज्याची शेती, विहीर व पाणंद रस्ता गावात आहे त्याने केवळ नोकरीसाठी बाहेर राहतो म्हणून हे सारे सोडून द्यावे काय? आमच्याकडचे ऊसतोड मजूर सहा-सहा महिने बाहेर असतात. त्यांची नावे कोणी काढत नाही.

जुना कारकून

माणदेशी, आपला मुद्दा रास्त आहे, पण ऊसतोडीचे उदाहरण येथे लागू पडत नाही. १९५० च्या त्याच अधिनियमाच्या कलम २० प्रमाणे तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे "सर्वसाधारण रहिवासी" हा दर्जा जात नाही, म्हणून हंगाम संपल्यावर घरी परतणाऱ्या मजुराचे नाव गावातच राहते व राहिलेच पाहिजे. त्याच कलमात असेही म्हटले आहे की केवळ घर मालकीचे आहे किंवा ताब्यात आहे, एवढ्यावरून कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. ज्यांचा संसार, नोकरी व मुलांची शाळा वर्षानुवर्षे पुण्यात आहे, त्यांचा रहिवास पुण्यातच धरला जाईल.

दिरांच्या दृष्टीनेही एक व्यावहारिक गोष्ट सांगतो. ग्रामपंचायतीच्या तोंडावर विरोधी पॅनल बाहेरगावी राहणाऱ्यांची नावे शोधून नमुना ७ ने हरकती घेते, हे गावोगावी चालते. सुनावणीत बीएलओंचा स्थळपाहणी अहवाल विरुद्ध गेला की नाव कमी होते, आणि पुण्यात नोंदणी नसेल तर तो माणूस दोन्हीकडून बाद होतो.

पेठकरी

पुण्यात प्रथमच मत देणार असाल तर यंत्राविषयी एक सूचना करतो. मुंबईत एका प्रभागातून एकच नगरसेवक निवडला जातो, पुण्यात तसे नाही. जानेवारीत येथे ४१ प्रभाग व १६५ जागा होत्या. ४० प्रभाग चार सदस्यांचे आणि एक पाच सदस्यांचा. म्हणजे चार सदस्यांच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते द्यायची असतात. मतपत्रिकांचे रंग अनुक्रमे पांढरा, फिका गुलाबी, फिका पिवळा व फिका निळा असतात. प्रत्येक जागेसाठी एक बटण दाबावे लागते, आणि एखाद्या जागेसाठी कोणीच पसंत नसेल तर त्या जागेपुढील "वरीलपैकी एकही नाही" हे बटण दाबावे. चारही मते पूर्ण झाल्यावरच शेवटचा लांब आवाज येतो. एक बटण दाबून लोक निघतात आणि केंद्राध्यक्षांना मागून हाक मारावी लागते. अनेकांना वाटते की जागा महिलांसाठी किंवा एखाद्या प्रवर्गासाठी राखीव असेल तर तिच्यासाठी मतदानही त्यांनीच करायचे. ते साफ चुकीचे आहे. आरक्षण उमेदवारासाठी असते, मत सर्वांचे असते.

कृष्णाकाठ (धागाकर्ती)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझा व मुलीचा अर्ज या आठवड्यात भरते. भाडेकरार नोंदणीकृत आहे, त्यामुळे वीजबिलाचा प्रश्न सुटला. यजमानांनी वरचे प्रतिसाद वाचले आणि तेही नमुना ८ भरण्यास तयार झाले आहेत. दिरांशी ते स्वतः बोलणार आहेत. ते बोलणे सोपे जाणार नाही, हे आम्हा दोघांनाही ठाऊक आहे.

एक प्रश्न राहिला. सासूबाई पावसाळ्याचे चार महिने आमच्याकडे राहतात, उरलेला काळ गावी. त्यांचेही नाव आताच पुण्यात आणून ठेवावे काय?

जुना कारकून

मुळीच नको. त्यांचे घर, चूल आणि बहुतेक वर्ष गावी आहे; पुण्याला त्या येऊन-जाऊन असतात, आणि अशा अनुपस्थितीला कायदा तात्पुरतीच मानतो. त्यांचे नाव गावातच असू द्या. एकच करा : गावच्या प्रभागाची प्रारूप यादी प्रसिद्ध झाली की दिरांना त्यांचे नाव, यादी भाग व अनुक्रमांक तपासायला सांगा, कारण बाहेरगावी गेलेल्यांची नावे कमी होताना कधी कधी घरातले दुसरे नावही सोबत जाते. हरकतीची मुदत थोड्या दिवसांचीच असते.