विंडोज सोडून लिनक्सवर गेलेले सोलापूरकर, अनुभव लिहा की

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला, माझा लॅपटॉप सातव्या जनरेशनच्या प्रोसेसरचा, त्याला 11 अधिकृतपणे चालत नाही आणि नवीन घेऊ का म्हटलं तर पप्पा नुसते तोंडाकडं बघत बसले. मग मिंट टाकलं, म्हणजे विंडोजच्या जागी चालणाऱ्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमचा एक प्रकार. आधी इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरनंच लाइव्ह चालवून बघितलं, वायफाय आवाज टचपॅड सगळं लागलं म्हणून धीर आला. कोडिंगला तर विंडोजपेक्षा बरं वाटतंय, पायथन आधीपासूनच असतं, सी चा कंपायलर एका कमांडमध्ये येतो. गेमिंगचं अजून नीट बघितलं नाही. तुमचं काय झालं ते सांगा, फसलेलं पण सांगा.

---

गेमचं मी सांगतो बे. स्टीम या गेमच्या दुकानात प्रोटॉन नावाची सोय आहे, 2018 पासून, त्यानं विंडोजचे बरेच गेम लिनक्सवर पळतात, काउंटर-स्ट्राइक 2 तर थेट लिनक्सचाच मिळतो. पण व्हॅलोरंट नाही म्हणजे नाही. त्याचं अँटी-चीट, म्हणजे चीटिंग पकडणारं सॉफ्टवेअर, विंडोजच्या कर्नेलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यातच बसतं, इथं ते बसायला जागाच नाही. मला हे कधी कळलं, तर विंडोज उडवून झाल्यावर! चूक माझीच, कुठला गेम लिनक्सवर चालतो ते सांगणाऱ्या प्रोटॉनडीबी साइटवर आधी गेमचं नाव टाकून बघायला काय जात होतं. जीटीए 5 ची स्टोरी चालते, ऑनलाइन लिनक्सवर सप्टेंबर 2024 पासून बंद.

---

म्हणून मी विंडोज आणि लिनक्स दोन्ही ठेवलेत, ड्युअल बूट, चालू करताना हवं ते निवडायचं. त्यातली एक गंमत. कॉलेजची ऑनलाइन टेस्ट 10 ला होती, विंडोज चालू केलं तर घड्याळात पहाटेचे साडेचार आणि बाहेर विजापूर रोडवर ऊन असं की डांबर चिकटतंय. मला वाटलं बॅटरी गेली मदरबोर्डची, दुरुस्तीवाल्याला फोन पण लावला. तसं काही नव्हतं, लिनक्स मशीनच्या घड्याळात यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ लिहितं आणि विंडोज तीच लोकल वेळ समजतं, म्हणून बरोब्बर साडेपाच तास मागे. लिनक्सला लोकल वेळ धर म्हणून एकदा सांगितलं की संपलं.

---

मी एमपीएससीवाली, अभ्यासिकेत बसते, गेमचा संबंध नाही. 4 जीबी रॅमवर एक्सएफसीई, म्हणजे लिनक्सचा हलका डेस्कटॉप, मस्त चालतं. पण मैत्रिणीच्या नोट्स कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये, लिब्रेऑफिसमध्ये (लिनक्सवरचं वर्डसारखं) उघडल्या तर मराठीच्या जागी एबीसीडीचा भुगा. तिच्याकडनं फॉन्टची फाइल आणली, होममध्ये लपलेलं फॉन्ट्सचं फोल्डर असतं त्यात टाकली, झालं. स्वतःचं मात्र युनिकोडमध्येच, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर वाचता येईल असं टाइप करते आणि कुणाला द्यायचं तर पीडीएफ, नाहीतर वर्डमध्ये तक्ते हलतात.

---

ड्युअल बूट करताना 'इरेज डिस्क' (म्हणजे सगळी डिस्क पुसायची) वाचून मग एंटर मारा रे. आमच्या बंधूराजांनी घाईत मारला. फायनल इयरचा प्रोजेक्ट मित्राच्या पेनड्राइव्हमध्ये निघाला म्हणून वाचला, गड्ड्याच्या जत्रेचे फोटो गेले ते गेलेच, आई अजून विचारते.