टू-स्ट्रोक स्कूटर गरम झाली की करंट जातो, गार झाली की परत येतो. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, घरी वडिलांची १५० सीसी गिअरवाली टू-स्ट्रोक स्कूटर आहे, सीडीआयवाली (प्लगला ठिणगीचा करंट सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा असतो ती), जुन्या पॉइंटची नाही. गाडी विकायची नाहीये, बाबा अजून तीच चालवतात आणि त्यांना दुसरी नकोय, म्हणून दुखणं नीट शोधून काढायचंय, तात्पुरतं काहीतरी करून भागणार नाही.

सकाळी पहिल्या किकला चालू होते, हडपसरात भाजी बँक सगळं करून येईपर्यंत काही त्रास नाही. पण सासवडला निघाले आणि वडकी सोडून दिवे घाट चढायला लागले की मधेच मिसिंग मारायला लागते आणि मग एकदम बंद, कितीही किका मारा ढिम्म. अर्धा तास उभी ठेवली की जसं काही झालंच नाही अशी चालू होते. मागच्या वेळी बाबा एकटेच होते, वय ७१, मागून ट्रक येतायत आणि हे गाडी ढकलत कडेला घेतायत. तेव्हापासून मी त्यांना घाटात नेऊ देत नाही आणि ते माझ्याशी नीट बोलत नाहीत.

आतापर्यंत केलंय ते सांगते. प्लग नवीन टाकला, गॅप फिलर गेजने ०.६ मिमी बघून. जुना प्लग चॉकलेटी होता, काळा ओला नव्हता. टूटी ऑइल (पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोकचं ऑइल) लिटरला २० मिली, मोजूनच घालतो. कार्बोरेटर साफ करून झाला. आणि घाटात बंद पडली तेव्हा तिथेच प्लग काढून कॅपमध्ये बसवून इंजिनाच्या फिनला टेकवून किक मारून बघितलं तर करंट अजिबात नाही, घरी आल्यावर तसंच केलं तर मस्त निळा, टकटक आवाजासकट. एक मेकॅनिक म्हणतो सीडीआय, एचटी कॉइल, वायरिंग सगळंच टाकू, दुसरा म्हणतो इंजिन खोलून बोअर करा. सगळं बदललं तर बरी होईलही कदाचित पण नेमकं काय गेलं होतं ते कळणार नाही, आणि चांगले जुने पार्ट काढून बाजारातला कुठलातरी माल बसवायला जीव होत नाही. मल्टिमीटर आहे, वापरता येतो. सुरुवात कुठून करू?

सह्याद्री_रायडर: टाकीच्या झाकणाचं भोक बुजलं असेल. माझ्या गाडीचं सेम हेच होतं, थोडं चालून बंद. बंद पडली की झाकण उघडा, हवा आत ओढल्याचा आवाज आला तर तेच.

फिलरगेज: त्याने पेट्रोल थांबेल, करंट कसा जाईल? ताईंनी करंट गेलेला डोळ्यांनी बघितलाय, म्हणजे पेट्रोल, कार्बोरेटर, बोअर हे सगळं बाजूला ठेवा. गरम गाडी बंद पडली की तिथल्या तिथे प्लग बघणं हे बहुतेक जण करतच नाहीत आणि मग महिनाभर कार्बोरेटर खोलत बसतात.

आता क्रमाने जा. मॅग्नेटमधली (इंजिनाबरोबर फिरणारं चुंबकाचं चाक) एक कॉइल सीडीआयला चार्ज करते, पिकअप कॉइल सांगते कधी सोडायचं, एचटी कॉइल व्होल्टेज वाढवून प्लगला देते. यातलं काहीही गरम होऊन सुटू शकतं. आधी फुकटातलं. सीडीआयला किल स्विचची वायर जाते ती सोडा आणि चालवून बघा, वायर सोलून बॉडीला लागत असेल तर असंच होतं. (वायर सोडल्यावर स्विचने बंद होणार नाही, गिअरमध्ये ब्रेक दाबून क्लच सोडून बंद करायची.) मग प्लग कॅप काढून मोजा, आत रेझिस्टर असेल तर साधारण ५ किलोओहम यायला हवं, फारच जास्त किंवा ओपन (तार तुटल्यासारखं, मीटरवर आकडाच नाही) आलं तर कॅप बदला. मग सीडीआय आणि एचटी कॉइल, दोन्ही बाहेरच असतात, गाडी गार असताना चालू करून केस वाळवायच्या ड्रायरने एकेकाला गरम करा. बंद पडली तर चोर सापडला. नाही पडली तर मॅग्नेटच्या आत बघा.

पिकअपच्या वायरी सीडीआयजवळच्या कनेक्टरला येतात, मॅग्नेट न काढता मोजता येतं. गार असताना एकदा आणि बंद पडल्यावर लगेच एकदा. तांब्याचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर दर डिग्रीला साधारण ०.४ टक्का वाढतोच, तेव्हा थोडं वाढलेलं बघून घाबरू नका. ओपन दाखवलं तर कॉइल गेली.

आणि दोन गोष्टी कृपया पाळा. करंट बघताना प्लग त्याच्या भोकापासून लांब टेकवा, आतून पेट्रोलची वाफ बाहेर येते. आणि कॅप नुसती लोंबकळत ठेवून किक मारू नका, करंटला जायला वाट मिळाली नाही तर सीडीआय किंवा कॉइल उडते.

कर्वेनगर_गॅरेज: वरचं सगळं बरोबर. नवा प्लग कुठल्या नंबरचा टाकलाय तेही बघा. एनजीकेमध्ये नंबर वाढला की प्लग थंड, बॉश आणि चॅम्पियनमध्ये उलटं, नंबर वाढला की गरम. दुकानदार कंपनी बदलून देतो आणि घाटात त्रास चालू होतो.

धागाकर्ती: प्लग मॅन्युअलमधल्याच नंबरचा आहे. कॅप ५.१ आली. किल वायर सोडून घाटात नेली, मीच चालवली, तरी बंद पडली. ड्रायरने सीडीआय आणि एचटी दोन्ही तापवले, गाडी चालूच राहिली. मग बंद पडल्यावर पिकअप मोजली, ओपन! गार असताना ११२ ओहम होती आणि तिथेच बसून बघत होते तर गार होता होता मीटरवर एकदम १२० च्या आसपास आकडा आला. आता मॅग्नेट काढायला काय लागेल?

फिलरगेज: पुलर (मॅग्नेट ओढून काढायचं हत्यार) लागेल, हातोडी अजिबात नको, क्रँक जाईल. नाना पेठेत तुमच्या मॉडेलचा पुलर आणि कॉइल दोन्ही मिळेल, जुनी कॉइल सोबत न्या. कॉइल बसवलेल्या प्लेटचे स्क्रू सैल करायच्या आधी प्लेटवर आणि क्रँककेसवर मिळून एक ओरखडा मारून ठेवा, नाहीतर टायमिंग हलेल आणि नवंच दुखणं मागे लागेल. जोड डाग देऊन, उष्णतेला टिकणारी स्लीव्ह घालून, वायर मॅग्नेटला घासणार नाही अशी बांधा.

धागाकर्ती: बसवली. जुन्या कॉइलची वायर जिथून निघते तिथेच तार तुटलेली होती, वरून वार्निशने धरून ठेवलेली, गरम झाली की सुटत असणार. काल बाबा मागे बसले, मी घाट चढवला, वर झेंडेवाडीला थांबून लगेच किक मारली, चालू. येताना बाबांनी चालवली. सीडीआय, एचटी कॉइल, वायरिंग सगळं जुनंच आहे.